कालव्याबरोबर येणारं मीठ

कालव्याला पाणी सुटलं की वर्तमानपत्रातला फोटो ठरलेला. काठावर पुढारी, हातात ओटीचं ताट, पाण्यात नारळ. खाली किती टीएमसी सोडलं, किती हेक्टर भिजणार, याचे आकडे. शेतात मुरलेलं जादा पाणी बाहेर कुठून पडणार, हे मात्र मी अजून एकाही बातमीत वाचलेलं नाही.

नीरेचं खोरं घ्या. वर भोरकडे पाऊस धो धो, खाली बारामती-इंदापुरात वर्षाला कसाबसा पाचशे मिलिमीटर. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर या पट्ट्यासाठी नीरा डावा कालवा झाला. १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागलं. मग ऊस आला, आणि उसामागोमाग काळ्या, भारी जमिनी पाणथळ होऊ लागल्या. कालव्यांची सिंचनपद्धत शेतीच्या गरजेनुसार बदलावी म्हणून मुंबई सरकारने १९१६ मध्ये एक खास सिंचन विभाग काढला. पुण्याजवळ खडकवासल्याची जलसंशोधन संस्था त्यातूनच वाढली.

आता हिशेब करू. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला साधारण दोन मीटर पाणी धरलं, तर हेक्टरी दोन कोटी लिटर होतात. पाणी गोडच, लिटरमागे फक्त ०.३ ग्रॅम क्षार. तरी वर्षाचे सहा टन झाले! पन्नास किलोची १२० पोती आपण स्वतःच्या हाताने वावरात ओतायची. ऊस पाणी पितो, क्षार जवळजवळ सगळे मागे ठेवतो. खाली निचरा असेल तर ते धुऊन जातात. नसेल तर भूजल वर येतं, आणि खरा खेळ तिथून सुरू होतो.

दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढतं. पोकळी जितकी बारीक तितकी उंची जास्त. शतांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी तीन मीटरपर्यंत चढू शकतं. चिकणमातीतल्या पोकळ्या त्याहून बारीक असतात, पण तिथे घर्षणामुळे वेग फार मंदावतो. म्हणून भूजल दीड-दोन मीटरच्या आत आलं की धोका समजायचा. वर ऊन पाणी उडवतं, मीठ पृष्ठभागावर राहतं. मिठागरात हेच होतं, फक्त तिथे ते मुद्दाम करतात.

पांढरा थर दिसला तरी जमीन पुरती गेलेली नसते. घात सोडियम करतो. पाणी आटताना त्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन आधी बाहेर पडतं, सोडियम विरघळलेलाच राहतो आणि त्याचं प्रमाण वाढत जातं. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. दोन धन भारांचं कॅल्शियम त्यांना घट्ट बांधून ठेवतं. सोडियमचा भार एकच, त्यात अंगाभोवती पाण्याचं जाड वेष्टण, त्यामुळे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. सुटलेले कण पोकळ्या बुजवतात. हीच चोपण जमीन.

हे घरी पाहता येतं. इंदापूरकडच्या एका मित्राच्या वावरातली दोन वाळकी ढेकळं मी डिस्टिल्ड वॉटरच्या दोन पेल्यांत सोडली. बांधाजवळच्या चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून रवाळ झालं, पाणी नितळ राहिलं. चोपण ढेकळाभोवती मात्र दहा मिनिटांत दुधाळ ढग पसरला, आणि दुसऱ्या दिवशीही तो खाली बसला नव्हता. ‘भरपूर गोडं पाणी सोडून धुऊन काढू’ हा सल्ला चोपणीत उलटा का पडतो, ते इथे कळतं. पाणी जितकं गोडं, तितका ढग दाट. आधी जिप्सम हवं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेईल. नंतर पाणी.

पाइपाला चुंबक बसवा, क्षार पळतील, असं सांगणारे विक्रेते गावोगाव फिरतात. सोडियम चुंबकाला दाद देत नाही. हाताच्या तळव्यावर नारळ उभा करून पाणी सांगणाऱ्यांची ही सुशिक्षित भावंडं. ठिबक चांगलंच, पण तेही जादू नाही. ओलाव्याच्या कडेला क्षार साठतातच आणि पाऊस कमी झाला की तिथेच बसून राहतात.

उपाय जुनाच आहे. चर खणून सच्छिद्र पाइप पुरायचे आणि खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. नवं सिंचन आखताना वितरिकेच्या नकाशावर ही निचऱ्याची रेघ पहिल्याच दिवशी हवी, कारण पाणी उतार बघतं, सातबारा बघत नाही. मित्राने जिप्सम आणलं, पाइपही आणले. ओढा त्याच्या बांधापासून दोनशे फुटांवर आहे. मधलं वावर चुलतभावाचं. तो चर काढू देत नाही, आणि पाइपांचं भेंडोळं गेली दोन वर्षं गोठ्यामागे पडून आहे.