इमारतींदरम्यानच्या नेटवर्क केबलचे अर्थिंग व संरक्षण

दोन स्वतंत्र इमारतींना जोडणारी नेटवर्क केबल व तिच्या टोकांवरील उपकरणे वीज पडल्याने चढणाऱ्या विद्युतदाबापासून (व्होल्टेजपासून) वाचवण्याची व्यवस्था. मराठवाड्यात साखर कारखान्याचे कार्यालय ते वजनकाटा, महाविद्यालयाचे कार्यालय ते वसतिगृह अशा जोडण्यांत ती लागते.

केबलवर थेट वीज पडावीच लागते असे नाही. एका इमारतीच्या ५ ओहम रोधाच्या अर्थिंगमधून १०,००० अँपिअर प्रवाह जमिनीत गेला, तर त्या इमारतीची ‘जमीन’ क्षणभर ५०,००० व्होल्टवर चढते. शेजारच्या इमारतीची जागच्या जागी राहते. तांब्याची केबल हा फरक थेट स्विचपर्यंत, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणापर्यंत, नेते. इथरनेट (तारेवरचे संगणक नेटवर्क) पोर्टमधील विलगक ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे केबल व उपकरण विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणाऱ्या भागाची, चाचणी साधारण १,५०० व्होल्टचीच असते.

शील्ड, म्हणजे केबलमधील तारांभोवतीचे धातूचे आवरण, अर्थिंगला एका टोकाला जोडावी की दोन्ही, याबद्दल मतभेद आहेत. एकाच टोकाचा आग्रह बहुधा जाड कोअ‍ॅक्सियल केबलच्या काळातून आला असावा. त्या केबलवरच्या इथरनेटमध्ये एकाच बिंदूला अर्थिंगचा नियम होता. एकच टोक जोडल्याने शील्डमधून फिरणारा ५० हर्ट्झचा (नेहमीच्या वीजपुरवठ्याचा) प्रवाह टळतो, पण मोकळ्या टोकावर सगळा दाब उभा राहतो. दोन्ही इमारतींचे अर्थिंग जाड वाहकाने जोडून शील्ड दोन्हीकडे बांधावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नेटवर्कसाठी वेगळा, मुख्य अर्थिंगला न जोडलेला खड्डा घेणे मात्र धोक्याचेच. सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेला दाब अर्थिंगकडे वळवणारे उपकरण) दोन्ही टोकांना, केबल आत शिरते तिथेच हवा.

मराठवाड्याचा बराचसा भाग बेसाल्टवर, वर काळी माती असा आहे. ओली काळी माती वीज चांगली वाहते. वैशाखात ती भेगाळून अर्थिंगच्या प्लेटपासून सुटते आणि रोध नेमका वळवाच्या तोंडावर वाढतो. म्हणून मोजणी पावसाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात करावी. कोळसा-मिठाच्या खड्ड्याच्या नरसाळ्यात पाणी ओतायचे असते. टँकरवर जगणाऱ्या गावात तेवढी घागरही जिवावर येते. तिथे बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) बरे. अर्थिंगची भारतीय संहिता आय.एस. ३०४३ ही आहे.

ऑप्टिकल फायबर हा सर्वांत निर्धोक मार्ग, कारण काच वीज वाहत नाही. मात्र आर्मर्ड फायबरचे पोलादी कवच वाहते. ते प्रवेशापाशी अर्थिंगला जोडावे किंवा धातूविरहित केबल घ्यावी. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने केबल ताणली जाते, म्हणून ती पाइपातून, थोडी सैल टाकतात.