पेनसिल्व्हेनियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय : नामवंत माजी विद्यार्थिनी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १८५० साली स्थापन झालेले आणि स्त्रियांना एम.डी. पदवी देणाऱ्या जगातील अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक असलेले महाविद्यालय. मूळ नाव ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’. १८६७ मध्ये ते बदलून ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे झाले. डॉ. आनंदीबाई जोशी याच महाविद्यालयाच्या, आणि मराठी वाचकाला ते माहीत असते तेही बहुधा तेवढ्यापुरतेच. त्यामुळे आनंदीबाई जणू कुठल्या तरी परक्या, पुरुषांच्या कॉलेजात एकट्याच शिकल्या असे चित्र मनात तयार होते. प्रत्यक्षात त्यांच्या आधी पस्तीस वर्षे तिथून मुली डॉक्टर होऊन बाहेर पडत होत्या. आनंदीबाईंच्या आधी आणि नंतर शिकलेल्यांत गुलामगिरीत जन्मलेली होती, अमेरिकेतल्या आदिवासी वसाहतीतली होती, आणि पुढे बरेली, गुंटूर नि मुंबईत दवाखाने चालवणाऱ्याही होत्या.

स्थापनेमागे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा पुढाकार होता. या पंथात स्त्रियांनी सभेत उभे राहून बोलण्याला मुभा होती. गुलामगिरीविरोधी चळवळीतही हीच माणसे पुढे होती, आणि महाविद्यालयाच्या पुढच्या विद्यार्थिनींची नावे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आर्च स्ट्रीटवरच्या एका इमारतीत भाड्याच्या खोल्या घेऊन वर्ग सुरू झाले. ३० डिसेंबर १८५१ रोजी पहिल्या आठ जणींना पदवी मिळाली. पुरुष विद्यार्थी गोंधळ घालतील या धास्तीने त्या समारंभाला पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला होता.

त्या आठ जणींत हॅना लाँगशोर आणि अ‍ॅन प्रेस्टन होत्या. लाँगशोरबाईंनी पुढे फिलाडेल्फियात मोठा व्यवसाय उभा केला. प्रेस्टन मात्र महाविद्यालयातच राहिल्या. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय संघटनेने १८५८ मध्ये महिला महाविद्यालयाशी संबंध ठेवणाऱ्या डॉक्टरांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा मोठी अडचण अशी झाली की मुलींना रुग्ण पाहायला मिळतील अशी जागाच उरली नाही. पुस्तकावरून शरीर शिकता येते, आजार शिकता येत नाही. प्रेस्टन यांनी पैसे जमवून १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालयच काढले. यादवी युद्धाच्या झळीने महाविद्यालय वर्षभर बंद पडले, ते पुन्हा सुरू झाले, आणि १८६६ मध्ये प्रेस्टन डीन झाल्या. वैद्यकीय महाविद्यालयाची डीन झालेल्या त्या पहिल्या महिला.

६ नोव्हेंबर १८६९, शनिवार. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये दर शनिवारी शस्त्रक्रियांचे प्रात्यक्षिक असे. त्या दिवशी प्रेस्टन यांच्या तीसेक विद्यार्थिनींना पहिल्यांदा तिथे बसण्याची परवानगी मिळाली. शहरातल्या दोन मोठ्या पुरुष महाविद्यालयांचे विद्यार्थी आधीच गॅलरीत भरले होते. मुली आत आल्या तशा शिट्ट्या, आरडाओरडा आणि पाय आपटणे सुरू झाले. कागदाचे बोळे नि वर्ख अंगावर फेकले गेले, चघळलेल्या तंबाखूच्या पिचकाऱ्या कपड्यांवर उडाल्या. मुली तासभर बसून राहिल्या. बाहेर पडल्यावर टोळकी रस्त्यातही मागे लागली. वर्तमानपत्रांत प्रकरण गाजले आणि बरीच पत्रे मुलींच्या बाजूने उभी राहिली. प्राध्यापकांचा मोठा गट मात्र स्त्री-पुरुषांनी एकत्र प्रात्यक्षिक पाहूच नये असे निवेदन काढून मोकळा झाला. प्रेस्टन यांनी संयमी पण ठाम जाहीर उत्तर दिले आणि मुलींना पाठवणे चालूच ठेवले. पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकल्याच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वर्णन परके वाटू नये.

विद्वत्तेच्या दृष्टीने या महाविद्यालयातून बाहेर पडलेले सर्वात मोठे नाव मेरी पटनम जेकोबी यांचे म्हणावे लागेल. १८६४ मध्ये त्यांनी इथली पदवी घेतली, पण इथले शिक्षण त्यांना स्वतःलाच अपुरे वाटले. त्या पॅरिसला गेल्या आणि तिथल्या वैद्यकीय विद्यालयाचे दार ठोठावत राहिल्या. १८६८ मध्ये प्रवेश आणि १८७१ मध्ये पदवी मिळाली. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला विश्रांती अनिवार्य आहे, म्हणून तिला उच्च शिक्षण झेपणार नाही, असा सिद्धान्त त्या काळी हार्वर्डमधले एक डॉक्टर मांडत होते. जेकोबींनी स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, नाडीच्या नोंदी केल्या आणि आकडेवारीनिशी हा दावा खोडला. त्या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्डचेच बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. निबंध निनावी पाठवायचा नियम होता, हे त्यांच्या पथ्यावर पडले.

रिबेका कोल (१८६७) या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या दुसऱ्या कृष्णवर्णीय महिला मानल्या जातात. कॅरोलाइन स्टिल अँडरसन (१८७८) या विल्यम स्टिल यांच्या कन्या; पळून आलेल्या गुलामांना गुप्तपणे उत्तरेत पोचवणाऱ्या साखळीतले ते मोठे कार्यकर्ते होते. हॅली टॅनर डिलन (१८९१) यांनी अलाबामा राज्याची अनेक दिवस चालणारी परवाना परीक्षा दिली आणि त्या राज्यात परवाना मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, कोणत्याही वर्णाच्या. एलायझा ग्रायर यांची हकिकत मात्र जरा थांबून सांगावी अशी आहे. त्या गुलामगिरीत जन्मल्या होत्या. १८९० मध्ये त्यांनी महाविद्यालयाला पत्र लिहिले: मला डॉक्टर व्हायचे आहे, पैसे नाहीत, काही मार्ग आहे का? मार्ग त्यांनी स्वतःच काढला. एक वर्ष शिकायचे, पुढचे वर्ष काम करून फीचे पैसे जमवायचे, पुन्हा शिकायला यायचे. असे करत सात वर्षांनी, १८९७ मध्ये, त्या एम.डी. झाल्या आणि जॉर्जियात परवाना घेऊन व्यवसाय करू लागल्या. व्यवसाय मोजून चार-पाच वर्षे झाला. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारताशी या महाविद्यालयाचा संबंध आनंदीबाईंच्या कितीतरी आधीचा आहे. क्लारा स्वेन १८६९ मध्ये पदवी घेऊन लगेच मेथडिस्ट मिशनतर्फे निघाल्या आणि १८७० च्या जानेवारीत बरेलीला पोचल्या. भारतात आलेल्या त्या पहिल्या महिला मिशनरी डॉक्टर. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत, त्यामुळे त्यांच्याकडे रीघ लागली. रुग्णालयाला जागा हवी होती आणि मिशनच्या शेजारचीच जागा रामपूरच्या नवाबांची होती. विकत मागायला गेलेल्या मंडळींना १८७१ मध्ये नवाबांनी ती देऊनच टाकली. १८७४ मध्ये तिथे स्त्रियांचे रुग्णालय उघडले. अ‍ॅना कुगलर (१८७९) यांना लूथरन मिशनने डॉक्टर म्हणून पाठवायलाच आधी नकार दिला. १८८३ मध्ये त्या शिक्षिकेच्या कामावर गुंटूरला आल्या, औषधोपचारही करत राहिल्या आणि पुढे १८९८ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले.

आनंदीबाई गोपाळराव जोशी (१८६५–१८८७) १८८३ च्या शरद ऋतूत दाखल झाल्या, तेव्हा डीन होत्या रेचेल बॉडली. या रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा माजी विद्यार्थिनींशी पत्रव्यवहार दांडगा होता, आणि पदवी घेतलेल्या मुली पुढे काय करतात हे त्यांनी प्रश्नावली पाठवून तपासलेही होते. आनंदीबाईंची शैक्षणिक पालक म्हणावी तर त्याच; घरच्या माणसाची जागा न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी घेतली होती, त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पुढच्या वर्षी रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियातच निघाले; त्याला प्रस्तावना बॉडली यांची होती. तोवर आनंदीबाई गेल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची सूत्रे त्यांच्यासाठी ठेवलेली होती, पण क्षयाने पोखरलेले शरीर तिथवर पोचलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षेही पुरी नसताना, त्यांचा मृत्यू झाला. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिच्यावर स्मृतिशिला आहे.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी, डीनने दिलेल्या मेजवानीच्या प्रसंगी, घेतलेले एक छायाचित्र आता सर्वत्र दिसते. डावीकडे नऊवारीत आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियन पोशाखात दमास्कसच्या साबात इस्लांबूली. तळाशी इंग्रजीत नावे आणि गावे. त्यात सेरामपूरचे (अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई राहत होत्या त्या बंगालमधल्या गावाचे) स्पेलिंग चुकलेले आहे. तिघींच्या नावामागे ‘डॉ.’ आहे, म्हणजे ही ओळ नंतर घातलेली, कारण त्या दिवशी तिघींपैकी कुणीच डॉक्टर झालेली नव्हती. तिघी आपापल्या देशी वेषात बसल्या आहेत, तेव्हा या छायाचित्रात महाविद्यालयाचा अभिमान आणि थोडे प्रदर्शन दोन्ही आहे. मात्र तिघींच्या चेहऱ्यावर प्रदर्शनाचा संकोच दिसत नाही; आनंदीबाई तर सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात.

ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन टोकियोला परतल्या आणि तिथल्या मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात लागल्या. सम्राट मेइजी रुग्णालय पाहायला आले तेव्हा स्त्री डॉक्टरने त्यांच्यासमोर येणे नाकारले गेले, आणि ओकामींनी राजीनामा दिला. पुढे स्वतःचा दवाखाना काढला; १९४१ पर्यंत त्या हयात होत्या. इस्लांबूली यांची पदवी १८९० ची. त्या मायदेशी गेल्या, नंतर कैरोत होत्या, पण महाविद्यालयाचा त्यांच्याशी संपर्क तुटला.

ओकामींच्याच वर्गात, १८८९ मध्ये, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या सुसान ला फ्लेश (पुढे पिकॉट). जन्म १८६५, म्हणजे आनंदीबाईंच्याच वर्षीचा. नेब्रास्कातल्या ओमाहा या अमेरिकन आदिवासी जमातीतल्या, तिच्या राखीव वसाहतीत वाढलेल्या. आनंदीबाई निघाल्या त्या १८८६ च्याच शरद ऋतूत सुसान दाखल झाल्या, त्यामुळे कॉलेजात एक ‘इंडियन’ गेली आणि दुसरी ‘इंडियन’ आली; कोलंबसाची चूक शब्दकोशात राहिली ती अशी. लहानपणी एका आजारी ओमाहा बाईच्या उशाशी त्या बसल्या होत्या. सरकारी डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप गेले, तो आलाच नाही, आणि बाई पहाटे गेली. पदवीनंतर सुसान त्याच वसाहतीवर सरकारी डॉक्टर म्हणून परतल्या: बाराशेहून अधिक माणसे, लांबलांब विखुरलेल्या वस्त्या, घोडा आणि नंतर घोडागाडी. क्षय, दारू, जमिनीचे कागद, सगळेच त्यांच्या दाराशी येई. १९१३ मध्ये वॉल्टहिल गावी त्यांनी रुग्णालय उभे केले, सरकारी पैशाशिवाय. दोनच वर्षांनी त्या वारल्या.

‘पहिली’ हे विशेषण या महाविद्यालयाच्या बाबतीत जपून वापरावे लागते. आनंदीबाई १८८६ मध्ये एम.डी. झाल्या, त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय पात्रता मिळवली आणि पुढे अनेक वर्षे रुग्ण तपासले. ओकामींच्या आधी जपानमध्ये ओगिनो गिन्को यांना परवाना मिळालेला होता. कॅनडात परवाना मिळालेली पहिली महिला डॉक्टर जेनी ट्राउट (१८७५) मात्र निर्विवादपणे इथलीच.

मराठीत सर्वात अन्याय झाला तो गुरुबाई करमरकर यांच्यावर. १८९२ मध्ये त्यांनी याच महाविद्यालयातून पदवी घेतली. या महाविद्यालयाची पदवी मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या भारतीय महिला. पती सुमंतराव ख्रिस्ती धर्मोपदेशक; दोघेही अमेरिकेत शिकून परतले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये कामाला लागले. गुरुबाईंनी मुंबईत दोन दशकांहून अधिक काळ दवाखाना चालवला. जे काम कोल्हापुरात व्हायचे राहिले ते मुंबईत झाले, तेही मराठी बाईच्या हातून. तरी आपल्याकडे त्यांच्यावर कादंबरी नाही की नाटक नाही. त्या ख्रिस्ती होत्या, त्यांच्या आयुष्यात अकाली मृत्यूचे नाट्य नव्हते आणि त्या रोज सकाळी दवाखान्यात जात असत; चरित्रकाराला यात काही सापडले नसावे.

अध्यापनात राहिलेल्यांपैकी अ‍ॅना ब्रूमॉल (१८७१) यांनी गरीब वस्तीतल्या गरोदर बायकांना बाळंतपणाआधीच तपासण्याची पद्धत रुजवली. क्लारा मार्शल (१८७५) यांनी १८८८ ते १९१७ इतका दीर्घ काळ डीनपद सांभाळले. विसाव्या शतकात इतर वैद्यकीय महाविद्यालयांची दारे स्त्रियांना उघडत गेली तसतशी स्त्रियांसाठीची महाविद्यालये बंद पडली किंवा विलीन झाली. फिलाडेल्फियाचे हे अखेरपर्यंत टिकले. १९६९ मध्ये पुरुषांना प्रवेश देण्याचे ठरले आणि १९७० मध्ये नावातला ‘वुमन्स’ हा शब्द गेला. १९९३ मध्ये हानेमान वैद्यकीय महाविद्यालयाशी विलीनीकरण झाले, पुढे चालक संस्थेचे दिवाळे निघाले आणि जे उरले ते आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे. जुने दप्तर त्या विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे. आनंदीबाईंचा हस्तलिखित प्रबंध तिथेच आहे, आणि पैसे नाहीत, काही मार्ग आहे का, असे विचारणारे एलायझा ग्रायर यांचे पत्रही.