भाडेपट्ट्याचं घर आणि लंडनमधल्या वसाहतींचा पुनर्विकास

लंडनमधल्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, जुन्या वसाहती पाडायचा विषय निघाला की चर्चा होते ती मुख्यतः भाडेकरूंची. पण त्याच मजल्यावर, शेजारच्या दारामागे, घर विकत घेऊन राहणारं कुटुंबही असतं. तिथे त्यांना लीजहोल्डर म्हणतात. त्यांची कोंडी समजून घ्यायची तर 1980 पासून सुरुवात करायला हवी.

त्या वर्षी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने काउन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. जितकी वर्षं भाडं भरलं असेल तितकी सवलत जास्त, 33 ते 50 टक्के. 1986 मध्ये फ्लॅटसाठी ही मर्यादा 70 टक्क्यांपर्यंत वाढवली. बंगलीवजा घर घेणाऱ्याला बहुधा जमिनीसकट मालकी मिळाली. फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती आला तो साधारण 125 वर्षांचा भाडेपट्टा. इमारत आणि जमीन काउन्सिलचीच राहिली. छप्पर दुरुस्त केलं, लिफ्ट बदलली, तर खर्चाचा वाटा लीजहोल्डरने भरायचा. इमारत ठेवायची की पाडायची, हे मात्र काउन्सिल ठरवणार. पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ या वाटणीत आहे.

पाडायचं ठरलं की काउन्सिल आधी वाटाघाटी करते आणि त्या फिसकटल्या तर सक्तीच्या खरेदीचा आदेश काढते. राहत्या मालकाला बाजारभाव आणि वर त्याच्या 10 टक्के इतकी भरपाई मिळते. कागदावर हे रास्त दिसतं. पण बाजारभाव जुन्या फ्लॅटचा, आणि त्याच जागेवर उभ्या राहणाऱ्या नव्या फ्लॅटची किंमत कितीतरी जास्त. मधली तफावत भरून काढायला साठी ओलांडलेल्या माणसाला कर्ज कोण देणार? मग पर्याय उरतो भागीदारीचा: भरपाई आणि साठवलेले पैसे नव्या घरात घालायचे आणि उरलेला हिस्सा दुसऱ्याच्या नावावर. ज्याने कर्ज फेडून पूर्ण घर आपलं केलं होतं, तो म्हातारपणी अर्धामुर्धा मालक होतो. मला यात उघड अन्याय दिसतो.

साउदर्क भागातल्या एल्सबरी वसाहतीत हा प्रश्न ऐरणीवर आला. सुमारे 2,700 घरांच्या या वसाहतीत टोनी ब्लेअर यांनी पंतप्रधान झाल्यावर, जून 1997 मध्ये, गाजलेलं भाषण केलं होतं. 2001 मध्ये रहिवाशांनी वसाहत काउन्सिलकडून काढून गृहसंस्थेकडे (घरं भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्थेकडे) सोपवायला मतदानाने नकार दिला. तरीही 2005 मध्ये काउन्सिलने ती पाडायचं ठरवलं. काही लीजहोल्डर हटले नाहीत. सप्टेंबर 2016 मध्ये ब्रिटिश सरकारचे मंत्री साजिद जाविद यांनी सक्तीच्या खरेदीला मंजुरी नाकारली. घर आणि कुटुंबजीवनाचा मानवी हक्क, तसंच कृष्णवर्णीय व अल्पसंख्य रहिवाशांवर होणारा परिणाम, ही कारणं त्यांनी दिली. एका सरकारी निर्णयात लीजहोल्डरचं नुकसान इतक्या स्पष्टपणे मांडलं गेलं, हे मोठं होतं. मात्र पुढच्याच वर्षी तो निर्णय मागे पडला, नव्याने सुनावणी झाली आणि 2018 मध्ये आदेशाला मंजुरी मिळाली.

त्याच वर्षी लंडनचे महापौर सादिक खान यांनी नियम आणला: वसाहत पाडण्यासाठी काउन्सिलला महापौरांच्या प्रशासनाचा निधी हवा असेल तर आधी रहिवाशांचं मतदान घ्यावं लागेल. किमान वर्षभर तिथे राहणाऱ्या लीजहोल्डरलाही मत मिळालं. पण काहींसाठी हा नियम उशिरा आला: एल्सबरीपासून जवळच असलेल्या, सुमारे 1,200 घरांच्या हेगेट वसाहतीतले शेवटचे रहिवासी 2013 मध्येच बाहेर काढले गेले होते.