पदे मोजू नका, अंतरे मोजा

७, __, __, __, २७. ही अंकगणिती श्रेढी आहे, म्हणजे लागून असलेल्या दोन पदांतला (संख्यांतला) फरक सगळीकडे सारखाच आहे; त्यालाच सामान्य फरक म्हणतात. मधली तीन पदे काढायची आहेत. ७ पासून २७ पर्यंत एकूण वाढ २०. तिला कितीने भागायचे? समोर पाच पदे दिसतात म्हणून पुष्कळजण पाचाने भागतात. भाग नि:शेष जातो, त्यामुळे शंकाही येत नाही. पण ४-४ वाढवत गेलो तर पाचवे पद २३ येते, २७ नाही. पाच पदांमध्ये अंतरे चारच असतात. म्हणून सामान्य फरक ५ आणि पदे १२, १७, २२.

कोणतेही पद काढायच्या सूत्रात ‘पदक्रमांक वजा १’ येतो तो यामुळेच: पहिल्या पदापासून तिथपर्यंत तेवढी अंतरे असतात. हे कळले की सुरुवात पहिल्या पदापासूनच करावी लागत नाही. समजा, ५ वे पद ८३ आणि १२ वे पद ५५ आहे. सात अंतरांत २८ ची घट, म्हणजे सामान्य फरक उणे ४. २० वे पद हवे असेल तर १२ व्यापासून आठ अंतरे पुढे जायचे: ५५ − ३२ = २३. पहिले पद हवे असेल तर ५ व्यापासून चार अंतरे मागे: ८३ + १६ = ९९. मागे जाताना चिन्ह उलटते, आणि गडबड बहुधा तिथेच होते.

याच श्रेढीत ४० येईल का? ९९ − ४० = ५९, आणि ५९ ला ४ ने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे ४० हे पद असूच शकत नाही. ४७ मात्र आहे: ५२ ÷ ४ = १३ अंतरे, म्हणजे १४ वे पद. इथे १३ वर थांबू नये.

पदे अक्षरांत असतील तर लागून असलेल्या तीन पदांपैकी मधल्याची दुप्पट ही कडेच्या दोन पदांच्या बेरजेइतकी असते. क − १, २क + १, ४क − ३ ही पदे घ्या. ४क + २ = ५क − ४, म्हणून क = ६. पदे ५, १३, २१. उत्तर परत ठेवून दोन्ही फरक ८ येतात का, हे पाहायला दोन सेकंद लागतात. ती जरूर द्यावीत.

बेरीज देऊन पदसंख्या विचारली की वर्गसमीकरण येते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये यासाठी थेट रीत दिली होती. ३, ७, ११… यांची बेरीज २१० असेल, तर आधी ८ × सामान्य फरक × बेरीज, म्हणजे ८ × ४ × २१० = ६७२०. पहिल्या पदाच्या दुपटीतून सामान्य फरक वजा करून वर्ग करा: (६ − ४)² = ४. या दोन्हींची बेरीज ६७२४, वर्गमूळ ८२. त्यातून पहिल्या पदाची दुप्पट ६ वजा: ७६. सामान्य फरक ४ ने भागून १९, त्यात १ मिळवून २०, आणि निम्मे १०. दहा पदे.

पदसंख्या ऋण किंवा अपूर्णांकी आली तर ते उत्तर सोडून द्यायचे. मात्र उतरत्या श्रेढीत दोन्ही उत्तरे धन पूर्णांक येऊ शकतात. ९, ७, ५… यांची बेरीज २४ हवी असेल तर पदसंख्या ४ किंवा ६ मिळते, आणि दोन्ही बरोबर आहेत. पाचवे पद १ आणि सहावे उणे १. ती एकमेकांना खोडतात आणि बेरीज २४ च राहते.