लेझर नावेच्या नियंत्रण-दोऱ्या: एका नियमबदलाची पार्श्वभूमी

अंबाझरीसारख्या जमिनीने वेढलेल्या तलावावर वारा समुद्रावरच्यासारखा एकसंध वाहत नाही. काठावरची झाडे आणि इमारती ओलांडून तो तुटक झोतांनी उतरतो आणि क्षणात पडतोही. त्यामुळे नागपुरात शिडाची नाव शिकणाऱ्यांना व्हँग (शिडाच्या तळचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली ओढणारी), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी) आणि आउटहॉल (शिडाचा तळ बूमवर मागे ताणणारी) या दोऱ्या काठावर एकदा बांधून विसरता येत नाहीत. वाऱ्याचा जोर बदलला की त्या ताणाव्या किंवा सैल कराव्या लागतात. एकट्याने चालवायच्या लेझर नावेत हे काम आज बसल्या जागेवरून, एका हाताने होते. मूळ नावेत ही सोय नव्हती.

या दोऱ्यांचा इतिहास लेझरहून जुना आहे. कनिंगहॅम हे नाव १९५८ मध्ये अमेरिका चषक राखणाऱ्या नौकेच्या कप्तानाच्या आडनावावरून आले. शिडाची पुढची कड ठरलेल्या मापापलीकडे ताणण्यास नियमांची मनाई होती, म्हणून तळच्या कोपऱ्याच्या थोडे वर भोक ठेवून त्यातून दोरी खाली ओढण्याची ही युक्ती होती. पुढे ती लहान नावांतही रूढ झाली.

लेझर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनातून लोकांसमोर आली. मोटारीच्या टपावर नेता येईल अशी साधी आणि स्वस्त नाव असावी, या कल्पनेतून तिचा आराखडा झाला होता. दोऱ्याही त्याला साजेशा होत्या: मोजक्या कप्प्या, मोजके क्लीट (ताणलेली दोरी पकडून ठेवणारी खाच). मात्र नावेच्या डोलकाठीला तारांचा आधार नाही, ती वाकवूनच शीड सपाट करावे लागते, आणि जोरदार वाऱ्यात त्यासाठी लागणारा ताण मूळ व्हँगच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून एक पद्धत रूढ झाली. मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करणारी मुख्य दोरी, आत खेचून बूमवरची आणि डेकवरची कप्पी एकमेकींना टेकवायची, त्याने डोलकाठी वाकली की ढिली पडलेली व्हँग त्याच क्षणी आवळून घ्यायची. वजनदार, दणकट खलाशाला हे जमे. हलक्या अंगाच्या मुलाला किंवा मुलीला ऐन झोतात मेनशीट पूर्ण आत ओढणे म्हणजे नाव उलटण्याला आमंत्रण असे.

जादा कप्प्या लावण्यास बंदी होती, पण दोरीत फासे बांधण्यास नव्हती. त्यामुळे अनुभवी खलाशी कनिंगहॅमच्या आणि आउटहॉलच्या दोरीत बोलाइनचे (न सरकणाऱ्या गाठीचे) फासे बांधत, दोरीचे टोक त्याच फाशांतून पुन्हा फिरवून घेत आणि ओढ वाढवत. घर्षण कमी व्हावे म्हणून फाशात थिंबल हे गुळगुळीत कडे बसवले जाई. ओली दोरी दोरीवरूनच घासत असल्याने ओढलेल्या ताणाचा मोठा भाग वाया जाई, आणि सैल सोडताना ती हमखास अडके. एकसारख्या नावांच्या शर्यतीत खरी विषमता इथेच शिरली होती. नाव सर्वांची सारखी, पण गाठींचे ज्ञान मूठभरांकडे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी लेझर वर्गाच्या, म्हणजे या नावांच्या संघटनेच्या, नियमांनी जादा कप्प्यांची व्हँग आणि डेकवरच्या क्लीटपर्यंत आणलेल्या कनिंगहॅम व आउटहॉलच्या दोऱ्या यांना मान्यता दिली. आक्षेप दोन होते आणि दोन्ही गंभीर होते. पहिला खर्चाचा: जुन्या नावेचा मालक स्पर्धेत टिकायचा तर त्याला नवा संच घ्यावाच लागणार. दुसरा तत्त्वाचा: साधेपणा हीच ज्या नावेची ओळख, तिच्यात एकदा सुधारणा शिरली की ती थांबणार कुठे? यावर तोडगा असा की नवी मांडणी ऐच्छिक राहिली, जुन्या मांडणीने शर्यतीत उतरण्याची मुभा कायम राहिली, आणि नावेच्या सांगाड्याला, डोलकाठीला किंवा शिडाला या बदलात हात लावला गेला नाही.

खर्चाचा आक्षेप आजही खोटा ठरलेला नाही. पैसे मोजून जपून वापरणाऱ्या केंद्रांना तो अधिक जाणवतो. तरीही निर्णय योग्यच होता. सुमारे पंधरापट ओढ देणाऱ्या व्हँगने मनगटाच्या बळावर ठरणारी गोष्ट वेळ साधण्याच्या कौशल्याकडे नेली. वाऱ्याकडून वळून नाव वाऱ्याबरोबर धावायला लागण्यापूर्वी व्हँग सैल केली नाही तर बूमचे टोक पाण्यात घुसून नाव उलटते. नव्या क्लीटमुळे ही दोरी एका झटक्यात सुटते, हा लाभ ताणण्याच्या सोयीइतकाच मोलाचा आहे.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. लेझर १९९६ पासूनच ऑलिंपिकमध्ये होती. २००८ मध्ये ५.७६ चौरस मीटर शिडाची रेडियल ही लेझरची लहान शिडाची आवृत्ती महिलांची ऑलिंपिक नाव झाली. २०१९ मध्ये नाममुद्रेच्या वादातून वर्गाने लेझर हे नावच सोडले आणि नावा शिडाच्या आकारानुसार इल्का ७, ६ आणि ४ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मुलींच्या इल्का ४ प्रकारात रौप्यपदक मिळवणारी भारतीय खेळाडू समुद्रकाठची नव्हे, भोपाळच्या तलावावर घडलेली होती. नागपूरहून ते पाणी फार दूर नाही.

अंबाझरीवर नौदल छात्रांच्या सरावात प्रामुख्याने दिसते ती दोघांनी चालवायची एंटरप्राइज. तिची डोलकाठी तारांनी बांधलेली असते आणि पुढे जिब हे लहान शीडही असते, त्यामुळे लेझरच्या दोऱ्यांची मांडणी तिच्यावर जशीच्या तशी उतरत नाही. तिच्यावरून इल्कावर येणाऱ्या विद्यार्थ्याला आधी साधी व्हँग द्यावी की पहिल्याच दिवशी पूर्ण संच, याबाबत शिकवणाऱ्यांत अजून दोन मते असू शकतात. झोताझोताने येणाऱ्या वाऱ्याच्या पाण्यावर पूर्ण संच आधी देणे अधिक हिताचे आहे.