प्रीव्ह्यू का दिसत नाही?

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची दुकानं आहेत. तिथल्या संगणकांवर एकेका फोल्डरमध्ये प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सातबारे, नाव बदलाचे अर्ज असं सगळं एकत्र साठलेलं असतं आणि फायलींची नावं ‘स्कॅन 14’ किंवा ‘फायनल नवीन 2’ अशी. समोर गिऱ्हाईक उभं असताना प्रत्येक फाइल उघडून बघायला वेळ नसतो. म्हणून उजवीकडे प्रीव्ह्यूचा, म्हणजे फाइल न उघडता आतला कागद दाखवणारा, पट्टा उघडा ठेवायचा आणि बाणाच्या कळीने एकेक फाइल पुढे सरकवत हवा तो कागद शोधायचा. ऑक्टोबर 2025 नंतर विंडोजवर काम करणाऱ्या पुष्कळ लोकांच्या या सवयीला खीळ बसली. पट्ट्यात कागदाऐवजी इशारा येऊ लागला: या फायलीमुळे संगणकाला धोका पोहोचू शकतो, फायलीवर आणि ती पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तर ती उघडून बघा.

संगणक बिघडला, व्हायरस शिरला, विंडोज पुन्हा टाकायला हवं, असे निष्कर्ष अशा वेळी फार लवकर काढले जातात. खरं तर हा बिघाडच नाही. तो समजून घ्यायचा तर प्रीव्ह्यू दिसतो म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघावं लागेल.

आपल्याला वाटतं, फाइल न उघडताच तिचं चित्र दिसलं. प्रत्यक्षात फाइल उघडलेलीच असते, फक्त आपण उघडलेली नसते. विंडोजमध्ये फोल्डर आणि फायली दाखवणाऱ्या फाइल एक्सप्लोररला वर्ड किंवा पीडीएफ वाचता येत नाही. ते काम ‘प्रीव्ह्यू हँडलर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही व्यवस्था आहे. एखादं सॉफ्टवेअर बसवलं की ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, नोंद करतं, की अमुक प्रकारच्या फायली दाखवायचं काम माझं. हा हँडलर एक्सप्लोररच्या आत न चालवता ‘प्रीव्हहोस्ट’ नावाच्या वेगळ्या प्रक्रियेत, मोजके अधिकार देऊन चालवला जातो, म्हणजे एखाद्या खराब फायलीने तो कोसळला तरी एक्सप्लोरर चालू राहतो. पट्ट्यात दिसत असलेली फाइल डिलीट करायला गेलं की कधी कधी ‘ही फाइल दुसरीकडे उघडी आहे’ असं उत्तर येतं, ते हँडलरने ती उघडून ठेवलेली असते म्हणून.

आता त्या इशाऱ्याकडे येऊ. फायलीच्या पोटात केवळ मजकूर नसतो. ‘इथलं चित्र अमुक पत्त्यावरून आणा’ अशी सूचनाही असू शकते. तो पत्ता इंटरनेटवरच्या एखाद्या परक्या सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरचा असला, तर विंडोज तिथे जाऊन चित्र मागतं. सर्व्हरने ओळख विचारली, की एनटीएलएम या जुन्या पद्धतीने, वापरणाऱ्याला न विचारता, ओळख देऊनही मोकळं होतं. पासवर्ड थेट जात नाही. जातं ते पासवर्डच्या हॅशवरून, म्हणजे पासवर्डपासून गणिताने बनवलेल्या सांकेतिक रूपावरून, काढलेलं उत्तर. पण ते हाती पडलं, की हल्लेखोर आपल्या यंत्रावर एकामागून एक संभाव्य पासवर्ड घालून कोणत्या पासवर्डने तेच उत्तर येतं ते निवांत तपासू शकतो. आणि यासाठी आपण काय केलेलं असतं? फायलीवर एकदा क्लिक. डबल क्लिकसुद्धा नाही. म्हणूनच 14 ऑक्टोबर 2025 पासूनच्या सुरक्षा अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींचा प्रीव्ह्यू मुळातच बंद केला.

फाइल इंटरनेटवरून आली हे विंडोजला कसं कळतं, हा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. ब्राउझर फाइल उतरवताना तिच्यासोबत एक अदृश्य जोडपट्टी लिहून ठेवतो. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर एका फायलीला मुख्य मजकुराखेरीज असे जादा प्रवाह जोडता येतात. त्यातल्या ‘झोन आयडेंटिफायर’ नावाच्या प्रवाहात 3 हा आकडा असला, की फाइल इंटरनेटवरची. फायलीच्या दाखवल्या जाणाऱ्या आकारात ही जोडपट्टी धरलेली नसते, मजकुरात उमटत नाही, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी चिकटून राहते. पेन ड्राइव्ह मात्र बहुधा फॅट 32 किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि तिथे जादा प्रवाहाची सोयच नाही. फाइल पेन ड्राइव्हवर गेली की जोडपट्टी गळून पडते. एकच भाडेकरार ईमेलवरून उतरवला तर दिसत नाही आणि गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरून घेतला तर दिसतो, या कोड्याचं उत्तर एवढंच आहे. पेन ड्राइव्हवरची फाइल जास्त सुरक्षित असते, असा मात्र याचा अर्थ नाही.

फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल, तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जनरल टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट असते. तिच्यात खूण करून ओके दाबलं की जोडपट्टी निघते. लगेच फरक पडला नाही, तर एकदा साइन आउट करून परत या. झिप फाइल असेल तर ती सोडवण्याआधी अनब्लॉक करा, कारण विंडोज स्वतः झिप सोडवतं तेव्हा तीच खूण आतल्या प्रत्येक फायलीवर उमटवतं. ऑफिसमधल्या सामाईक सर्व्हरवरच्या फायली अडत असतील, तर ‘इंटरनेट ऑप्शन्स’च्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘लोकल इंट्रानेट’च्या यादीत त्या सर्व्हरचा पत्ता घालता येतो. अख्खा डाउनलोड फोल्डर एका फटक्यात मोकळा करण्याच्या युक्त्याही सांगितल्या जातात. ज्या संगणकावर दिवसभर अनोळखी लोकांच्या फायली येतात, तिथे हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. वाचणारी काही मिनिटं आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं, यांत तोलायला काही नाही.

इशारा न येता पट्टा नुसताच कोरा राहत असेल, तर गोष्ट वेगळी. पट्टाच गायब असेल तर आल्ट आणि पी या कळा एकत्र दाबा. पट्टा आहे पण कुठलीच फाइल दिसत नाही, तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबवर ‘शो प्रीव्ह्यू हँडलर्स’ची खूण आहे का बघा. फक्त पीडीएफ दिसत नसतील, तर बहुतेक वेळा एखादा पीडीएफ रीडर काढून टाकलेला असतो आणि रजिस्ट्री अजून त्याच्याकडेच बोट दाखवत असते. अशा वेळी चालू रीडर रिपेअर करावा किंवा पुन्हा बसवावा. एकच फाइल दिसत नसेल, तर तिच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची पीडीएफ, डॉक्सएक्स अशी अक्षरं, तपासा. विंडोज हँडलर निवडतं ते शेपटावरून, आतला मजकूर बघून नाही. शंका असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खरी पीडीएफ टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. डॉक्सएक्स फाइल ‘पीके’ने सुरू होते, कारण ती मुळात झिप असते आणि पीके ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. ई-आधारची पीडीएफ न दिसणं अगदी रास्त आहे. तिला पासवर्ड असतो: इंग्रजीत नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष.

छोटी चित्रं, म्हणजे थंबनेल, ही निराळी यंत्रणा. ती एकदा काढून साठवून ठेवलेली असतात. ती चुकीची किंवा काळी दिसत असतील तर ‘डिस्क क्लीनअप’मधून थंबनेल पुसून टाका. विंडोज ती नव्याने तयार करतं, मूळ फायलींना धक्का लागत नाही.

मराठी फायलींचं दुखणं याहून वेगळं आहे. प्रीव्ह्यू दिसतो, पण अक्षरांचा नुसता कचरा. हा कचरा दोन प्रकारचा असतो आणि नीट बघितलं तर डोळ्यांनी ओळखू येतो.

पहिला प्रकार साध्या टेक्स्ट फायलींचा. ‘ठाणे’ हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा आहे: ठ, काना, ण, मात्रा. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे 12 बाइट. या प्रत्येक तिकडीतला पहिला बाइट 224 असतो, दुसरा 164 किंवा 165. प्रीव्ह्यूने ही फाइल जुन्या पाश्चात्त्य सांकेतिक पद्धतीची समजून वाचली, तर 224 च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ येतो, 164 च्या जागी चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ आणि 165 च्या जागी चक्क जपानी येनचं चिन्ह. व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी 164 च्या गटात, तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि अंक 165 च्या गटात. तोच तिरक्या रेघेचा ‘ए’ दर तिसऱ्या जागी येतोय असं दिसलं, की समजावं फाइल शाबूत आहे, फक्त वाचण्यात घोळ आहे. नोटपॅडमध्ये ती उघडा आणि सेव्ह ॲज करताना एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-8 विथ बॉम’ निवडा. फायलीच्या सुरुवातीला ओळखीचे तीन बाइट लागतात आणि पुढचा अंदाज चुकत नाही.

दुसऱ्या प्रकारात असा ठेका नसतो. रोमन अक्षरं आणि चिन्हं वाटेल तशी पसरलेली दिसतात. ही श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या जमान्यातली फाइल. तिच्यात देवनागरी मुळातच साठवलेली नसते. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे क्रमांक आणि त्यांच्यावर देवनागरी रूप चढवतो तो फाँट. फाँट नसेल तर कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. फाँट असलेल्या जुन्या संगणकावर अशा फायलींची पीडीएफ करून घ्यावी. फाँट पीडीएफच्या आतच बसतो, त्यामुळे प्रीव्ह्यू कुठेही नीट दिसतो. पण त्या पीडीएफमध्ये ‘सर्च’ करून पक्षकाराचं नाव सापडणार नाही, कारण आत क्रमांक जुनेच असतात. शोधही हवा असेल तर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार एकदा नजरेखालून घाला. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, आणि कन्व्हर्टर सगळ्यात जास्त अडखळतात ते इथेच.