हवाबंद डब्यातला गंज

पावसाळा तोंडावर आला की जुने घडीचे चाकू जमवणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: पात्यांना तेल लावा, सिलिका जेलची पुडी टाका आणि सगळे चाकू एका हवाबंद डब्यात ठेवून द्या. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या शहरात, जिथे जुलैत कपाटातल्या कपड्यांनाही ओलसर वास येतो, तिथे हे शहाणपणाचं वाटतं. बहुतेक चाकूंपुरतं ते खरंही आहे. पण त्यांतला एक जरी चाकू सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकच्या, मुठीचा असला, तर हाच डबा बाकीच्यांच्या मुळावर येतो.

नौपाडा, चरई, खारकर आळीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात, तेव्हा पोटमाळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. एखादीत आजोबांचा चाकू निघतो. पात्याच्या बुडाशी चाकूंसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्डचा किंवा जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का, मूठ पिवळसर पांढरी. घरातले ती हस्तिदंती असल्याचं छातीठोकपणे सांगतात. मूठ अंगठ्याने जोरात चोळा, कोमट झाली की हुंगून बघा. कापराचा वास आला तर तो हस्तिदंत नव्हे. (आणि खरोखरच हस्तिदंत असेल तर त्याची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे, हे आधी लक्षात घ्या.)

मुठीत कापूर कुठून आला? 1862 मध्ये अलेक्झांडर पार्क्सने लंडनच्या प्रदर्शनात नायट्रोसेल्युलोजपासून केलेल्या वस्तू मांडल्या. पुढे 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड केलं. त्याला बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय हवा होता. मग कंगवे, बाहुल्या, सिनेमाच्या फिती आणि चाकूच्या मुठी याच पदार्थाच्या होऊ लागल्या.

आता माझ्या आवडीचा भाग. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ग्लुकोजच्या एककांची लांब साखळी. प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवला की त्यांतल्या सरासरी दोनांच्या जागी नायट्रेट गट बसतात. हेच नायट्रोसेल्युलोज. ते एकटं असताना ठिसूळ असतं. कापराचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि पदार्थ गरम करून हवा तसा दाबता येतो.

दुखणं त्या नायट्रेट गटात आहे. त्यातला ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यामधला एक बंध कमकुवत असतो. उष्णतेने, उजेडाने तो तुटतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. हवेतल्या बाष्पाशी गाठ पडली की त्याचं नायट्रिक आणि नायट्रस आम्ल होतं. हे आम्ल दोन कामं करतं: उरलेले नायट्रेट गट सोडवतं आणि ग्लुकोजच्या एककांमधले दुवेही कापतं. त्यातून आणखी वायू, आणखी आम्ल. क्रियेतून निघालेला पदार्थच क्रियेला वेग देतो, याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. चक्रवाढ व्याजाचंच गणित हे. मूठ उघड्यावर असेल तर वायू विरून जातो आणि क्रिया दशकानुदशकं रेंगाळते. झाकण घट्ट लावलं की वायू आत साठतो आणि शेजारच्या पात्यांनाही गंजवतो. सिलिका जेल ओल शोषतं, पण या वायूला थोपवायला ते पुरत नाही. मूळ कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल नीट धुतलं गेलं नसेल तर त्याचा अंशही क्रियेला हातभार लावतो. म्हणूनच एकाच काळातल्या दोन चाकूंपैकी एक धडधाकट राहतो आणि दुसऱ्याची माती होते.

मिटलेल्या पात्याचा मुठीत दडलेला भागच तेवढा गंजला असेल, तर संशय घ्या. रिव्हेटभोवती हिरवट डाग दिसतात, तो पितळेतल्या तांब्यावर आम्लाचा परिणाम. कापूर उडत जातो तशी मूठ आकसते, मग जाळीदार तडे जातात आणि शेवटी ती चिकट होऊन तिच्यावर तपकिरी थेंब येतात. पांढऱ्या अपारदर्शक मुठीत बहुधा झिंक ऑक्साइड असतं, ते आम्लाला निष्प्रभ करतं. कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या अर्धपारदर्शक मुठी, ज्यांवर संग्राहक जीव टाकतात, त्याच आधी जातात.

त्याच डब्यातलं स्टेनलेसचं पातं मात्र बहुधा सुखरूप असतं. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने 1913 मध्ये क्रोमियमयुक्त पोलाद ओतलं. क्रोमियम ऑक्साइडचा त्याचा पातळ थर नायट्रिक आम्लाने उलट पक्का होतो. ‘जुन्या पोलादाची सर नव्याला नाही’ असं म्हणून किंमत चढवणाऱ्यांना गंजलेला जुना चाकू आणि हा स्टेनलेसचा चाकू शेजारी ठेवून दाखवावेत.

दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या उशाखाली चाकू ठेवणारी घरं अजून आहेत. लोखंडाने दृष्ट टळत नाही, आणि मूठ सेल्युलॉइडची असेल तर आपण अंथरुणात चटकन पेट घेणारी वस्तू ठेवतो आहोत. पुण्यात 2003 मध्ये लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या ज्या फिती जळाल्या, त्या याच कुळातल्या, नायट्रेटच्या.

तेव्हा कापराच्या वासाचे चाकू वेगळे काढा. कागदात सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा खोक्यात, घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा; पोटमाळा नको, मे महिन्यात तो भट्टीसारखा तापतो. सोबत सक्रिय कोळशाची पुडी ठेवली तर आम्लाचे वायू बरेचसे शोषले जातात. शाळेतला निळा लिटमस कागद किंचित ओला करून मुठीजवळ ठेवा. तो लालसर होऊ लागला तर क्रिया सुरू झाली आहे. ती उलटवता येत नाही. अशा वेळी फोटो काढून ठेवावेत, जाणकाराकडून मूठ उतरवून घ्यावी आणि पातं वाचवावं. मूठ बदललेल्या चाकूला बाजारात भाव कमी येतो म्हणून काहीजण सडकी मूठ तशीच ठेवतात. मला ते पटत नाही. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्याकडे ना धड मूठ उरते, ना पातं.